साताऱ्यातल्या बंगल्यात देवदार : एका बागेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

यवतेश्वराच्या पायथ्याकडं साताऱ्याची वस्ती चढत गेलीय, त्या भागातलं हे कुटुंब. नावगाव देत नाही, बाकी सगळं जसं घडलं तसं. सहा गुंठ्यांचा प्लॉट, २०२१ च्या सुरवातीला बंगला पूर्ण झाला. घरात काका (बँकेतून रिटायर), काकू, लॉकडाऊनपासून घरूनच काम करणारा मुलगा आणि सूनबाई. आम्ही दोघं मित्र साताऱ्यात बंगल्यांच्या बागांची कामं घेतो, पण इथं आम्हाला बोलावलं ते बाग लावायला नाही, लावलेली बाग मरायला लागल्यावर.

काका-काकू काही वर्षांपूर्वी शिमला-मनालीला जाऊन आले होते, तेव्हापासून काकांच्या डोक्यात देवदार. बंगला बांधायचा तर गेटच्या दोन्ही बाजूंना दोन देवदार, हे नकाशाच्या आधी ठरलेलं. लॉकडाऊनमध्ये त्यांनी चार रोपं ऑनलाइन मागवली आणि जून २०२१ ला पहिल्या पावसात माळीमामांकडून लावून घेतली, दोन गेटशी आणि दोन मागं. कंपाउंडच्या कडेनं सूनबाईंच्या सांगण्यावरून मोरपंखीची ओळ, कारण शेजारच्या दुमजली घराच्या गॅलरीतून यांचा अख्खा ओटा दिसतो.

त्या वर्षीचा जुलै साताऱ्यात कुणी विसरणार नाही, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या तोच पाऊस. सप्टेंबर उजाडेपर्यंत गेटजवळचा एक देवदार तपकिरी झाला होता, दुसरा पिवळा पडत चालला होता, तेव्हा फोन आला.

अडचण नेमकी कुठं होती

पहिली गोष्ट, चार रोपांतले देवदार दोनच होते, गेटजवळचे. मागं लावलेलं एक जुनिपर निघालं आणि एक चीड, म्हणजे पाइन. हे ओळखणं अवघड नाही पण कुणी जवळ जाऊन बघत नाही. देवदाराची फांदी हातात घेतली की जुन्या फांदीवर छोट्या छोट्या खुंट्या दिसतात आणि प्रत्येक खुंटीवर वीस-तीस सुयांचा झुबका असतो, त्याच झाडाच्या नव्या वाढणाऱ्या शेंड्यावर मात्र सुया सुट्या सुट्या, एकेक. सुई बोटाच्या दोन पेरांएवढी. चिडाच्या सुया लांबलचक, वीतभर किंवा जास्त, आणि मोठ्या झाडावर तीन-तीनच्या जुडीत. जुनिपरला झुबके नसतातच, बारीक टोचणाऱ्या किंवा खवल्यांसारख्या पानांनी फांदी झाकलेली असते. देवदाराला इंग्रजीत सीडर म्हणतात, पण खरा सीडर म्हणजे ज्यांना असे झुबके येतात तेच, आपल्याकडं हिमालयातला देवदार, बाहेरचे ॲटलास, लेबनॉन आणि सायप्रसचा. बाकी ज्यांना सीडर म्हणून विकतात त्यातली बरीचशी झाडं थुजा नाहीतर जुनिपरच्या खानदानातली असतात. झाडं चांगलीच आहेत, पण त्यांच्याकडून देवदाराची अपेक्षा ठेवू नये.

दुसरी आणि खरी अडचण पाण्याची. काकांचा प्रश्न असा की, "शिमल्यात दगडातनं उगवतंय, इथं मी ट्रॉलीनं काळी माती आणून घातली तरी का जगंना?" खरं तर उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. देवदार पश्चिम हिमालयात साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर वाढतो, तिथं बर्फही पडतो आणि पावसाळाही असतो, म्हणजे पावसाचं त्याला वावडं नाही, पण ते सगळे उतार. पाणी आलं आणि गेलं. इथं प्लॉट सपाट करायला बिल्डरनं वरच्या बाजूचा मुरूम कापला आणि खालच्या बाजूला, म्हणजे नेमकं गेटकडं, दीड फूट काळी माती ओढली. खाली घट्ट मुरूम. त्यात मामांनी तीन बाय तीन बाय तीनचे खड्डे काढले, तळाला विटांचे तुकडे, वर लाल माती, शेणखत, कोकोपीट. कागदावर बघितलं तर एकदम पुस्तकी लागवड. पण घट्ट मुरुमात खणलेला खड्डा म्हणजे हौद, आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नाही, विटांचे तुकडे घातले म्हणून तळाला भोक थोडंच पडतं. आणि एवढं कमी म्हणून की काय गच्चीचा पावसाचा पाइप गेटपासून चार फुटांवर सोडलेला.

आम्ही मेलेलं रोप उपटलं. मुळं पांढरी नव्हती, चहाच्या रंगाची झालेली, आणि दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात यायची, आत नुसता दोरा. त्या दिवशी काकांचे थोरले भाऊ, अण्णा, कोरेगावाहून आलेले होते, त्यांचं आल्याचं रान आहे. त्यांनी मूळ नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "ही कूज हाय. आमच्या आल्याला लागती तीच जात. म्हणून तर आमी आलं सपाटीला लावत न्हाई, गादीवाफा करतो."

लॅबचा रिपोर्ट नव्हता त्यामुळं बुरशीचं नाव छातीठोकपणे सांगत नाही, पण अण्णांचा अंदाज जमणारा होता. आल्याची कंदकूज बऱ्याचदा पिथियममुळं होते आणि देवदाराला ओल्या जमिनीत लागणारी मूळकूज फायटोप्थोरामुळं, दोन्ही पाण्यात पोहत पसरणाऱ्या, बुरशीसारख्या जिवांच्या एकाच गोतावळ्यातल्या. दोघींना लागतं ते साचलेलं पाणीच. या प्रकरणातला खरा सल्ला मिळाला तो इथं, आणि तो झाडांच्या पुस्तकातनं नाही, आल्याच्या रानातनं आला.

पर्याय काय काय होते

ओसरीवर बसून जवळजवळ संध्याकाळभर चर्चा झाली, सगळ्यांची मतं वेगळी.

सूनबाईंचं म्हणणं देवदार सोडून द्या, साताऱ्याची उंची सातशे मीटरच्या आसपास, आपली थंडी ती काय थंडी, कशाला त्या झाडाचे हाल. मुद्दा बरोबर होता. देवदाराला हिवाळ्यात नीट थंडी मिळाली की तो जोमात वाढतो, इथं मरणार नाही कदाचित पण शिमल्यासारखा दणकट होणार नाही, हे आम्ही काकांना स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले मला शिमला नको, मला एक झाड हवंय. यावर कोण काय बोलणार.

मुलाचं म्हणणं कासच्या रस्त्याला त्याच्या मामांची जमीन आहे, तिथं उंचीही जास्त, तिकडं लावू. वर थंडी जास्त हे खरं, पण पाऊसही कितीतरी जास्त, वारा जबरदस्त, जांभ्यावर मातीचा पातळ थर आणि उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाद.

ॲटलास किंवा लेबनॉन सीडर मागवावा का, हेही निघालं कारण मुलानं नेटवर निळसर ॲटलासचे फोटो बघितले होते. ती झाडं भूमध्य समुद्राकडच्या डोंगरांतली, तिकडं पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, आपलं नेमकं उलटं. गरम आणि ओलं एकदम, हे त्यांना सगळ्यात वाईट. खऱ्या सीडरमध्ये आपल्याला त्यातल्या त्यात सोसणारा देवदारच, त्याला निदान पावसाळा माहितीये.

मग बदली झाडं. क्रिसमस ट्री म्हणून मिळणारा अरौकारिया साताऱ्यात झकास वाढतो, आकारही त्रिकोणी, पण तो बघता बघता दोन-तीन मजल्यांच्या वर जातो आणि गेटवरून विजेची तार गेलेली. शेंडा कापला तर त्याचा सगळा तोलच जातो. सिल्व्हर ओक, पाचगणीला रस्त्याकडेला दिसतात ते, काकूंना आवडतात, पण त्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, घराला खेटून नको. जपानी सीडर, दार्जिलिंगकडं ज्याला धुपी म्हणतात, त्याला वर्षभर गारवा आणि दमट हवा लागते, आपल्या एप्रिलच्या झळा त्याला सोसणार नाहीत. आणि तून. हे आमचं आवडतं झाड त्यामुळं थोडा पक्षपात झाला असेल. याला इंग्रजीत सीडरच म्हणतात पण हे कडुलिंबाच्या कुळातलं, सह्याद्रीत आपोआप वाढणारं, लाकूड लालसर, फर्निचरला एक नंबर. हिवाळ्यात पानं गाळतं आणि कडक ऊन पडायच्या आत परत पालवतं, म्हणजे थंडीत अंगणात ऊन आणि एप्रिल-मेमध्ये सावली.

हे सगळं ऐकून झाल्यावर काकूच म्हणाल्या, की तुम्ही सगळे एकाच झाडाकडनं सगळं मागताय. आणि गाडी तिथं रुळावर आली. काकांना डोळ्याला दिसायला एक डौलदार झाड हवं होतं, सूनबाईंना आडोसा, काकूंना मागच्या ओट्यावर सावली. तिघांची कामं तीन झाडांत वाटली की देवदारावरचं ओझं कमी झालं, तो सावकाश वाढला तरी कुणाचं अडत नव्हतं.

काय केलं

पिवळ्या पडलेल्या देवदाराला वाचवायचं की नवीन आणायचा, हा पहिला निर्णय. त्याची मुळं थोडी उकरून बघितली तर एका बाजूची निम्मी पांढरी होती, म्हणून तोच हलवायचा ठरवला. हलवणं जोखमीचं होतं, पण गेटशी ठेवणं म्हणजे नक्की मरण.

जागा ठरवायला आम्ही तीन ठिकाणी दीड-दीड फुटाचे खड्डे खणले आणि पाण्यानं भरले, एकदा जिरून गेल्यावर परत भरले. गेटकडच्या खड्ड्यात सकाळी वीतभर पाणी तसंच. मागच्या बाजूला मध्यम. वरच्या ईशान्य कोपऱ्यात, जिथं मुरूम कापलेला होता आणि काळी माती नव्हती, तिथं दोन-तीन तासांत खड्डा कोरडा. काकांना ही जागा अजिबात पसंत नव्हती कारण रस्त्यावरून दिसत नाही. शेवटी त्यांना बेडरूमच्या खिडकीत नेऊन उभं केलं आणि दाखवलं की रोज सकाळी तुम्हालाच दिसणार, रस्त्यावरच्याला दाखवून काय करायचंय. तयार झाले.

तिथं अण्णांच्या गादीवाफ्यासारखाच पण गोल उंचवटा केला. आठ फूट रुंद, मध्ये दीड फूट उंच, कडेला उतरता. माती मुद्दाम भारी केली नाही, दोन पाट्या तिथलाच मुरूम तर एक पाटी लाल माती आणि वरून थोडं चांगलं कुजलेलं शेणखत, बस. खाली खड्डा खणला नाही, फक्त कुदळीनं जमीन फोडून घेतली. वरच्या अंगानं घोड्याच्या नालेसारखा चर काढला म्हणजे डोंगराकडनं येणारं पाणी बाजूनं जाईल. गच्चीचा पाइप वळवून शोषखड्ड्यात सोडला, हे काम प्लंबरनं अर्ध्या दिवसात केलं आणि माझ्या मते सगळ्या खर्चात सगळ्यात वसूल खर्च हाच.

लागवड ऑक्टोबरच्या मध्यात. आपल्याकडं झाड म्हटलं की जूनच, हे डोक्यात एवढं पक्कं बसलंय, पण ज्या झाडाला भिजक्या मुळांचा त्रास आहे त्याला पहिले चार महिने धो धो पावसात घालवायला लावण्यात अर्थ नाही. पाऊस ओसरल्यावर लावलं की हिवाळाभर मुळं पसरतात, तेवढं पाणी आपण घालू शकतो. मुळांचा गोळा सोडवताना कळलं की पिशवीत मुळं गोल गोल फिरून दोरीसारखी झालीयेत, ती सोडवली, दोन जाड मुळं कापावी लागली. बुंधा मातीच्या वर दोन बोटं राहील असा ठेवला. ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजीला आवर घालणारी उपयोगी बुरशी, शेणखतात मिसळून दिलं. घरापासून वीस फूट आणि कंपाउंडपासून बारा फूट, कारण बागेत मोकळा वाढलेला देवदार सहज वीस-तीस फूट पसरतो आणि खालच्या फांद्या जमिनीला टेकल्या तरच तो शोभतो, त्या छाटल्या की खांबाला झाडू बांधल्यासारखा दिसतो.

वर आच्छादनाला उसाचं पाचट, ते इथं फुकटात मिळतं. दोन ड्रिपर बुंध्यापासून फूटभर लांब. पश्चिमेकडून दोन उन्हाळे शेडनेट.

मागच्या ओट्याजवळ तून लावला, चीड काढून टाकला. जुनिपर कुंडीत काकूंकडं आहे, मजेत.

पुढं काय काय झालं

जानेवारीत मामांचा फोन, देवदाराचा शेंडा वाकलाय, सुकला वाटतं, खुडून टाकू का. नशीब त्यांनी विचारलं. देवदाराचा नवा शेंडा लोंबतोच, ती त्याची चालच आहे, नंतर खालचा भाग लाकूड धरतो आणि आपोआप सरळ होतो. तो शेंडा खुडला असता तर दोन शेंडे फुटून झाडाचा आकार कायमचा गेला असता. बांबूला बांधून सरळ करायचीही गरज नाही.

पहिल्या उन्हाळ्यात पाचटात वाळवी आली. मुरूम, कोरडं पाचट आणि ठिबकची ओल, वाळवीला आणखी काय पाहिजे. बुंध्याला मातीचा नळ चढलेला काकूंना दिसला. पाचट बुंध्यापासून हातभर लांब सारलं, नळ पुसून काढला, रोज सकाळी एक नजर टाकायची सवय लावली. साल खाल्ली गेली नव्हती.

मे महिन्यात आतल्या सुया पिवळ्या होऊन गळल्या तेव्हा घरात पुन्हा घबराट. जुन्या आतल्या सुया गळणं साहजिक आहे, बाहेरचे शेंडे हिरवे आहेत ना एवढंच बघायचं. काकांनी घाबरून रोज बादलीभर पाणी घालायला सुरवात केली होती, ते थांबवलं. आठवड्यातून एकदा भरपूर, मधल्या दिवसांत बोट खुपसून बघायचं, दोन पेरं खाली ओल असेल तर हात लावायचा नाही.

२०२२ चा पावसाळा खरी परीक्षा होती आणि उंचवट्यावर पाणी थांबलंच नाही, चरातनं ओढा वाहायचा. जुलैत थोडा पिवळेपणा आला, ऑगस्टनंतर गेला.

मोरपंखीचं प्रकरण वेगळं. एप्रिलमध्ये ओळीतली मधली चार-पाच झाडं धुळकट, करडी दिसायला लागली, सगळ्यांना वाटलं पाणी कमी पडतंय. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली तर कागदावर मिरीच्या पुडीसारखे ठिपके पडले, आणि थोडा वेळ बघितलं तर ठिपके चालायला लागले. लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. पेव्हर ब्लॉकवरून येणारी झळ आणि कोरडी हवा त्यांना फार मानवते. आठ दिवस सकाळी पाइपनं खालून वर जोरात पाण्याचा फवारा मारला, फांद्यांच्या आतल्या बाजूनं, तेवढ्यानं आटोक्यात आलं, औषध लागलं नाही. (या ओळीतल्या गेटजवळच्या झाडाला खालून टक्कल पडलंय त्याला मात्र कोळी जबाबदार नाहीत, गल्लीतली पोरं वहीत ठेवायला विद्या तोडून नेतात.)

आजची स्थिती

लावताना कमरेएवढा असलेला देवदार आता काकांच्या डोक्याच्या जरा वर आहे. शिमल्याच्या मानानं हे काहीच नाही, सुया थोड्या विरळ आहेत, पण रंग चांगला निळसर हिरवा आणि खालच्या फांद्या शाबूत. तो तीस वर्षांनी केवढा असेल हे आम्ही कुणाला सांगत नाही.

तून मात्र छपराच्या वर गेलाय. दुसऱ्या पावसाळ्यात शेंडा पोखरणारी अळी लागली, कोवळा शेंडा वाळून मोडला आणि खालून तीन फुटवे आले. त्यातला सरळ आणि जोमदार एक ठेवून बाकीचे लहान असतानाच काढले, म्हणून खोड एकच राहिलं. काकूंची तक्रार जानेवारीतल्या पानगळीची, झाडून झाडून हात दुखतात म्हणतात, पण मे महिन्यात खुर्ची तिथंच असते.

वेगळं काय करता आलं असतं

माती टाकायच्या आधी कुणी खड्ड्यात पाणी ओतून बघितलं असतं तर निम्मं रामायण टळलं असतं. बांधकाम चालू असतानाच गच्चीचं पाणी कुठं सोडायचं आणि झाडं कुठं येणार हे एकत्र ठरवायला हवं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष टाइल्सकडं असतं.

देवदार आणताना निदान एक झाड तरी डोळ्यानं बघून, सुयांचे झुबके तपासून आणि पिशवीत मुळं फिरलेली नाहीत हे चाचपून घेतलेलं बरं. मोठं झाड आणायचा मोहही कामाचा नाही, दीड-दोन फुटाचं रोप नव्या जागी लवकर रुळतं.

जागेच्या बाबतीत आणखी एक. हा भाग आता पालिकेच्या हद्दीत आहे आणि १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्यानुसार हद्दीतलं झाड, आपल्या अंगणातलं असलं तरी, परवानगीशिवाय तोडता येत नाही. गेटशी तारेखाली देवदार जगला असता तर दहा-पंधरा वर्षांनी अर्ज घेऊन फिरायची पाळी काकांवर आली असती, म्हणजे तिथं तो मेला हे एका अर्थी बरंच झालं असं मुलगा म्हणतो, काकांसमोर म्हणत नाही.

राहिला मोरपंखीचा निर्णय. मामांनी ती दोन-दोन फुटांवर लावली, लवकर भिंत व्हावी म्हणून, आणि झालीही. पण आता झाडं एकमेकांत घुसलीयेत, आतली बाजू पूर्ण तपकिरी आहे आणि खालून काड्या दिसायला लागल्यात. मोरपंखी जुन्या वाळक्या लाकडावर परत फुटत नाही, त्यामुळं आत खोल छाटणी केली तर ते भगदाड तसंच राहणार. आमचं म्हणणं एकाआड एक काढा, उरलेल्यांना हवा-ऊन मिळेल, दोन वर्षांत भरून येईल. त्यालाही आधी परवानगी लागेल का ते पालिकेत विचारायचंय. आणि सूनबाईंचं म्हणणं तोपर्यंत शेजारच्या गॅलरीचं काय. मध्ये कामिनीच्या झुडपांची दुसरी ओळ लावून ती वाढेपर्यंत थांबायचं का, यावर बोलणं चालू आहे, पण फेब्रुवारीच्या आत ठरलं नाही तर कोळ्यांचा हंगाम परत सुरू होईल.